अनुभव सांगावा, पण मातीसकट



सल्ला देण्यात आपल्या सीमाभागात कोणी हात आखडता घेत नाही. पूर्वी तो निपाणीच्या बाजारात, नाहीतर एस.टी.च्या बाकावर मिळे. आता मोबाइलवर ओळख ना पाळख अशा माणसांकडून येतो, नि आपणही तो पाठवतो. चांगलेच आहे. पण या कामी माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगतो.

मी खानापूर भागात असताना चर्चच्या परड्यातला घेवडा खुरटत होता. माती तपासून चुना घातला. पुढच्या हंगामात वेल मांडवभर गेला. त्या आनंदात मी मोबाइलवर लिहिले, "शेंगवर्गीय पिकाला चुना घाला, फरक बघा." निपाणीकडच्या एका अनोळखी भावाने ते वाचून भुईमुगाच्या रानात पेरणीआधी चुना टाकला. महिनाभरात शेंड्याची पाने पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या. "फादर, तुमचं वाचून केलं हो," एवढेच तो म्हणाला. रागावला असता तर बरे वाटले असते.

असे का झाले? खानापूरकडच्या तांबड्या मातीतला चुना घाटमाथ्याच्या पावसाने धुऊन जातो व माती आंबट होते. तिला चुना मानवतो. निपाणीकडच्या काळ्या मातीत बहुधा चुनखडी आधीच असते. आणखी चुना पडला की जमिनीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. अशा पिकावर 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस व 10 ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर फवारावे, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा.

माझा सल्ला खोटा नव्हता, अर्धा होता. माती कोणती, चुना किती, हे मी लिहिलेच नाही. माती तपासली होती हे तर पार विसरलो. सरकारच्या किसान कॉल सेंटरला (1800-180-1551) फोन केला तर तेथेही आधी जिल्हा, तालुका नि पीक विचारतात, ते उगीच नव्हे.

पिवळे पान पुन्हा हिरवे होते. फवारणीच्या औषधांचे तसे नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. दोन-तीन औषधे एकत्र करून फवारणे हे त्यामागचे एक कारण ठरले. म्हणून कोणाचे ऐकून औषधांची मिसळ करू नका. फवारताना घाम फुटला, तोंडाला लाळ सुटली, डोळ्यांपुढे अंधुक झाले तर मोबाइलवर उपाय विचारत बसू नका. कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि औषधाची बाटली चिठ्ठीसकट घेऊन थेट दवाखाना गाठा.

त्या भावाचा भुईमूग दुसऱ्या फवारणीनंतर सुधारला. हे त्याने इतरांना कळवले तेव्हा पहिल्याच ओळीत लिहिले होते, "माझी जमीन काळी, चुनखडीची."