मठ्ठ नाही, ऐकू कमी येतं

हाक मारली तर पोरगी वळून बघत नाही. शाळेत सांगितलेलं तिला उमगत नाही. मग घरचे म्हणतात, ‘मठ्ठ आहे, जाऊ दे शेळ्यांमागं.’ पण पुष्कळदा खोट बुद्धीत नसते, कानात असते. मूल ऐकूनच बोलायला शिकतं, म्हणून कान लवकर तपासा. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत डॉक्टरांचं पथक येतं. त्या दिवशी मुलीला रानात नेऊ नका.

कानाला यंत्र बसवलं की काम संपलं, असं नाही. यंत्रातून वर्गातला गलकाही मोठा ऐकू येतो. म्हणून गुरुजींना किंवा बाईंना भेटा. मुलीला पुढं बसवा, फळ्याकडं तोंड करून बोलू नका, तोंडावर उजेड पडेल असे उभे राहा, एवढं त्यांना सांगा. ओठ दिसले की तिला समजायला सोपं जातं. शेजारी एक समजूतदार मैत्रीण असावी. याला पैसा लागत नाही.

‘अशा मुलांची शाळा वेगळी,’ असं कुणी म्हटलं तर मागं फिरू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे. खास शाळा हवी असेल तर तीही निवडता येते. सरकारी रुग्णालयातून दाखला तेवढा काढून ठेवा.

ज्या पोरींबरोबर ती अंगणात खेळते, त्यांच्याच ओळीत तिला बसू द्या. पुढं जन्मभर वावरायचंय ते याच माणसांत.