ठेक्याची बस आणि मजुरीचा लूम

9 मे 2025 पासून बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले आणि वातानुकूलित बसचे सहाचे बारा. बाजारात दोन दिवस कुरकुर झाली, मग लोक गप्प बसले. पण ज्यांचे कारीगर गोवंडी, कुर्ला, साकीनाका या भागांत बसने ये-जा करतात, त्या कारखानदारांनी हा विषय एवढ्यावर सोडू नये. पाच किलोमीटरच्या आत येणाऱ्या कारीगराला महिन्याच्या 26 दिवसांत जाऊन-येऊन 260 रुपये लागत, ते 520 झाले. दहा कारीगरांच्या कारखान्यात हा फरक महिन्याला 2,600 रुपयांचा होतो. तो कारीगराने सोसला तर त्याच्या घरखर्चातून जातो, मालकाने सोसला तर मजुरीत धरावा लागतो.

हे भाडे वाढले का, हे समजायला बेस्टचा जमाखर्च पाहावा लागेल. मुंबईत पहिली मोटारबस 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. 7 ऑगस्ट 1947 रोजी कंपनीचा कारभार महानगरपालिकेकडे आला. ट्राम 31 मार्च 1964 ला बंद झाली. पायधुणीच्या जुन्या दुकानदारांकडून तिच्या गोष्टी आम्ही लहानपणी फार ऐकल्या. या सर्व काळात बेस्टचे दोन धंदे एकाच छताखाली होते. एक, कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत वीज पुरवणे. दुसरा, शहरात आणि उपनगरांत बस चालवणे. विजेत नफा होई, बसमध्ये तोटा होई आणि एका गल्ल्यातून दुसऱ्या गल्ल्यात पैसे जात. कापडाच्या पेढीत एका जातीच्या मालाचा नफा दुसऱ्या जातीची तूट भरून काढतो, तसेच हे होते. 2003 च्या वीज कायद्यानंतर विजेचे दर नियामक आयोगाच्या नजरेखाली आले आणि ही वाट अरुंद होत गेली. तोट्याचा भार मग महानगरपालिकेच्या मदतीवर आणि कर्जावर येऊन पडला.

पालिकेने मदत देताना अट घातली की खर्च कमी करा. त्यातून भाड्याच्या बसगाड्यांचा मार्ग निघाला. त्याला ‘वेट लीज’ म्हणतात. नाव परके असले तरी व्यवहार भिवंडी-मालेगावच्या माणसाला नवा नाही. व्यापारी सूत देतो. लूम, कामगार आणि वीज कारखानदाराची. मोबदला पिकाप्रमाणे, म्हणजे मीटरमागे ठरलेली मजुरी. कापड विकले गेले की पडून राहिले याच्याशी कारखानदाराचा संबंध नाही. इथेही तसेच आहे. गाडी, चालक, इंधन आणि दुरुस्ती ठेकेदाराची. कंडक्टर आणि तिकिटाचे पैसे बेस्टचे. ठेकेदाराला मोबदला किलोमीटरमागे मिळतो. गाडी भरलेली असो वा रिकामी, किलोमीटर झाले की बिल झाले.

समजा, किलोमीटरमागे 60 रुपये ठरले आणि गाडी दिवसाला 150 किलोमीटर चालली. ठेकेदाराचे बिल 9,000 रुपये. हे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत, प्रत्यक्ष दर गाडीप्रमाणे वेगळे असतात. आता प्रत्येक उतारूने पाचच रुपये दिले असे धरले, तर हे बिल फेडायला त्या एका गाडीत दिवसाला 1,800 माणसे चढली पाहिजेत. दहा रुपये धरले तर 900. कंडक्टरचा पगार आणि डेपोचा खर्च वरून वेगळा. जुलै 2019 मध्ये किमान भाडे आठावरून पाचावर आणले, तेव्हा उतारू वाढले हे खरे, पण पाच रुपयांत हे गणित जुळणारे नव्हते. मालाची किंमत मजुरीपेक्षा खाली ठेवून कोणता व्यापारी किती दिवस टिकेल?

असे सांगितले जाते की ठेकेदाराला यात जोखीमच नाही. मला ते पटत नाही. तिकिटाची जोखीम त्याला नाही, पण किलोमीटरची आहे. कुर्ला-अंधेरी रस्त्यावर गाडी तासभर अडकली तर फेऱ्या कमी होतात, चालकाचा रोज मात्र तेवढाच राहतो आणि बँकेचा हप्ता थांबत नाही. लूमवाल्याची वीज गेली की पीक पडत नाहीत पण कारखान्याचे भाडे चालूच राहते, तीच ही कथा. ज्याने काम मिळवण्यासाठी दर फार खाली भरला, तो दोन-तीन वर्षांत बेजार होतो. मग तो वाचवतो कुठे? चालकाच्या पगारात आणि गाडीच्या देखभालीत. 2022 मध्ये एका ठेकेदाराने आपल्या मिनीबस काढून घेतल्या, पुढे आणखीही गेले. ऑगस्ट 2023 मध्ये ठेक्यावरील चालकांनी पगारासाठी काम बंद केले आणि उपनगरांतल्या थांब्यांवर माणसांच्या रांगा लागल्या. 9 डिसेंबर 2024 रोजी कुर्ला पश्चिमेला बाजाराच्या भर गर्दीत विजेवर चालणारी ठेक्याची बस घुसली, कित्येकांचे प्राण गेले, आणि चालकांना शिकवण किती दिवस दिली जाते हा प्रश्न तेव्हा उघड्यावर आला. स्वस्त दराची किंमत कोणाला तरी कुठे तरी द्यावीच लागते.

माझ्या मते मजुरीवर काम देणे वाईट नाही. आपण सगळेच देतो. पण शहाणा व्यापारी काही लूम स्वतःचे ठेवतो. त्याने त्याला खरा खर्च कळतो आणि बाहेरच्याने हात वर केले तरी बाजारात माल जातो. बेस्टने 2019 मध्ये कामगार संघटनेशी करार केला होता, त्यात स्वतःच्या 3,337 गाड्या राखण्याचे कबूल केले होते. 2025 पर्यंत स्वतःच्या गाड्या काही शेकड्यांवर आल्या. सगळ्या मिळून ताफा एके काळी चार हजारांच्या वर होता, तो तीन हजारांच्या आत आला. म्हणजे भाडे दुप्पट आणि गाडी उशिरा, असा दुहेरी मार कारीगरावर पडतो. हप्त्याने कमावणाऱ्याचा अर्धा तास थांब्यावर गेला तर त्या दिवशी तेवढे काम कमी उतरते. शेअर रिक्षा केली तर बसपेक्षा जास्त पैसे जातात.

कारखानदारांनी दोन गोष्टी कराव्यात. मजुरीचे दर ठरवताना येण्या-जाण्याचा खर्च उघडपणे मांडावा, कारीगराच्या माथी गुपचूप मारू नये. आणि गाडी थांब्यावर न थांबता गेली, फेरी रद्द झाली किंवा चालक बेफाम चालवत असेल, तर तक्रार ठेकेदाराकडे न करता बेस्टकडे लेखी करावी. गाडीचा नंबर, मार्ग क्रमांक, थांबा, तारीख आणि वेळ एवढे त्यात हवेच. डागी मालाचे पैसे आपण बिलातून कापतो, तसा ठेकेदाराच्या बिलातून दंड कापण्याची तरतूद बेस्टच्या हाती असते. नंबर आणि वेळ नसेल तर कापायचे कशाच्या आधारावर?