दर तोच, पट्टी वेगळी

फेब्रुवारी महिना उजाडला की शहरोशहरीच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरल्यासारखी येते. आयुक्तांनी मिळकतकरात वाढ सुचवलेली असते, स्थायी समितीने ती एकमुखाने फेटाळलेली असते आणि दुसऱ्या दिवशी ठळक मथळा झळकतो : ‘नागरिकांवर करवाढ नाही’. निवडणूक जवळ आलेली असली तर चौकात अभिनंदनाचे फलकही लागतात. मग एप्रिल-मेमध्ये बिले घरोघर येतात. बहुतेकांच्या बिलावर गेल्या वर्षीचाच आकडा असतो, काहींच्या बिलावर मात्र भलताच. न झालेली करवाढ आपल्याच दारात कशी येऊन उभी राहिली, हे त्या मंडळींना कोणीच समजावून सांगत नाही.

बँकेत कर्जखात्याच्या टेबलावर मी बरीच वर्षे काढली. कर्ज घ्यायला येणारा माणूस पहिला प्रश्न व्याजदराचा विचारी. अर्ध्या टक्क्यासाठी तासभर हुज्जत घाली. पण मुद्दल किती उचलायचे, याचा विचार तो त्याच्या निम्म्यानेही करीत नसे. घरपट्टीच्या बाबतीत सबंध समाजाचे तसेच झाले आहे. दरावर चर्चा होते, मोर्चे निघतात, सभागृहात माइक तुटतात. तो दर ज्या रकमेवर लागतो, त्या रकमेकडे कोणाचे लक्ष नसते.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे. राज्यातल्या बाकी महापालिका १९४९ च्या अधिनियमाने चालतात. त्याच्या ९९ व्या कलमाप्रमाणे स्थायी समितीचे प्रस्ताव विचारात घेऊन पुढच्या आर्थिक वर्षाचे करांचे दर महापालिकेच्या मुख्य सभेने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. सर्वसाधारण कर, पाणीपट्टी, सफाई कर, अग्निशमन कर अशी त्यांची यादी असते. शिवाय १९६२ च्या कायद्याने आलेला राज्य सरकारचा शिक्षण कर याच बिलातून वसूल होतो, त्याचा पैसा शासनाकडे जातो, पण शिव्या पालिकेला बसतात. असो. हे सगळे दर टक्क्यांत असतात. कशाचे टक्के? करयोग्य मूल्याचे.

आणि हे करयोग्य मूल्य म्हणजे काय? आपले घर भाड्याने दिले तर वर्षाला वाजवी अपेक्षेने जे भाडे येऊ शकेल, त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करून उरलेली रक्कम. आपण घर भाड्याने दिलेले नसते, द्यायचा विचारही नसतो. तरीही कायदा एक भाडेकरू कल्पितो, त्याला आपल्या दिवाणखान्यात आणून बसवतो आणि त्याच्याकडून काल्पनिक भाडे वसूल करून त्यावर आपल्याला खरा कर लावतो. मी कादंबऱ्या लिहितो. पण एवढ्या मोठ्या शहराचा महसूल एका काल्पनिक पात्राच्या खांद्यावर उभा करण्याचे धाडस मला झाले नसते.

हिशेबाला एक घर घेऊ. आकडे माझ्या मनचे आहेत, रीत कायद्याची आहे. ६०० चौरस फुटांचा फ्लॅट, भाडेमूल्य दरमहा चौरस फुटाला २ रुपये. महिन्याचे १,२०० आणि वर्षाचे १४,४०० झाले. दहा टक्के वजा जाता करयोग्य मूल्य १२,९६०. सगळ्या करांचे दर मिळून ४० टक्के धरले तर घरपट्टी ५,१८४ रुपये. आता सभागृहाने दर एक टक्क्याने वाढवून ४१ केला, तर वर्षाला १३० रुपये जास्त पडतील. त्या १३० रुपयांसाठी शहर डोक्यावर घेतले जाईल. पण दर ४० टक्केच ठेवून भाडेमूल्य मात्र चौरस फुटाला २ ऐवजी ३ रुपये धरले, तर घरपट्टी ७,७७६ होते. २,५९२ रुपयांची वाढ, आणि ‘करवाढ नाही’ हा मथळा अक्षरशः खरा! कायद्याने दर ठरवण्याचे काम सभागृहाला दिले, मूल्य ठरवण्याचे काम आयुक्तांना, म्हणजे व्यवहारात करआकारणी खात्याला. पहिले काम पत्रकारांसमोर होते, दुसरे फायलीत.

त्यातही हे मूल्य सगळ्यांचे सारखे हलत नाही. आकारणीचे पुस्तक निदान चार वर्षांतून एकदा नव्याने करावे, असे १९४९ चा अधिनियम सांगतो. मधल्या वर्षांत जुन्याच नोंदी पुढे ओढता येतात. हे सरसकट फेरमूल्यांकन राजकारण्यांना नेहमीच नकोसे वाटते. नगरपरिषदांच्या गावांत ‘चतुर्थवार्षिक करआकारणी’ हा शब्द उच्चारला की बाजारपेठ बंद होते, शिष्टमंडळ मुंबईला जाते आणि मंत्रालयातून स्थगिती घेऊन परत येते. जुन्या घरांची मूल्ये मग जिथल्या तिथे थिजतात. खात्याला उत्पन्न तर वाढवायचे असते. ते वाढते कोणाकडून? आज पहिल्यांदा आकारणी होणाऱ्या नव्या घराकडून.

थिजण्याला आणखी एक कारण होते, ते म्हणजे भाडेनियंत्रण. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या इमारतींची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली. दिल्लीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की भाडेनियंत्रणाखालच्या इमारतीचे वार्षिक मूल्य प्रमाणित भाड्यापेक्षा जास्त धरता येणार नाही. घरमालकाला जे भाडे कायद्याने घेताच येत नाही, त्यावर कर कसा घ्यायचा? न्यायाच्या दृष्टीने बिनतोड. पण परिणाम पाहा. पेठेतल्या वाड्यात दोन खोल्यांचे भाडे महिना १५ रुपये असेल, तर वर्षाचे १८०, करयोग्य मूल्य १६२ आणि आपल्या ४० टक्क्यांनी कर ६४ रुपये ८० पैसे. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवलेली भाडी अवाजवी ठरवली. त्यानंतर ३१ मार्च २००० पासून आलेल्या नव्या भाडेनियंत्रण कायद्याने मालकाला वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. पंधरा रुपयांवर चार टक्के म्हणजे साठ पैसे.

माझ्या टेबलावर अशा वाड्यांची कागदपत्रे तारणासाठी येत. बँकेच्या मूल्यनिर्धारकाचा अहवाल लाखांत बोले, घरपट्टीची पावती शेकड्यांत. एका गृहस्थांना मी या तफावतीबद्दल विचारले, तेव्हा ते खुर्ची पुढे ओढून हलक्या आवाजात म्हणाले, “साहेब, बँकेला मोठा आकडा सांगावा, पालिकेला लहान. देवाला दोन्ही ठाऊक आहेत.” त्यांना मी हसलो खरा, पण त्याच आठवड्यात शहराच्या कडेला नवा फ्लॅट घेणाऱ्या एका तरुण जोडप्याची फाइल माझ्यापुढे होती. त्यांच्या सोसायटीत पाणी टँकरने येई, रस्त्यावर दिवे नव्हते, आणि पहिल्या आकारणीची रक्कम वाड्यातल्या कुटुंबाच्या कितीतरी पट होती. हप्त्याच्या हिशेबात ती धरताना त्या मुलीने दोनदा विचारले, “ही दरवर्षी?”

वाड्यातली माणसे श्रीमंत नव्हती, हेही सांगायला हवे. त्यांच्यावर एकदम चालू बाजारभावाचा कर लादला तर अनेकांना घर सोडावे लागेल. प्रश्न सवलत द्यावी की नाही, हा नाही. ती कोणाला, कोणी आणि कुठे चर्चा करून दिली, हा आहे.

पुण्याचे उदाहरण या बाबतीत पाहण्यासारखे आहे. मालक स्वतः राहत असेल तर भाडेमूल्यात ४० टक्के सवलत द्यायची, असे पुणे महापालिकेने १९७० मध्ये ठरवले. दुरुस्तीची वजावटही दहाऐवजी पंधरा टक्के दिली. सभागृहाने स्वतः घेतलेला, मध्यमवर्गाला दिलासा देणारा हा निर्णय जवळजवळ अर्धे शतक चालला. मग लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, की या सवलतींना अधिनियमात आधार नाही. सवलत थांबली आणि १ एप्रिल २०१९ नंतर आकारणी झालेल्या घरांना पूर्ण मूल्यावर बिले गेली. आपल्या हिशेबातल्या घराचे वार्षिक भाडेमूल्य सवलतीने ८,६४० होते. सवलत जाताच ते १४,४०० झाले. दीडपटीहून जास्त, आणि दर तोच! एकाच इमारतीत आधी नोंद झालेल्या शेजाऱ्याला एक बिल, नंतर नोंद झालेल्याला दुसरे. शेवटी मार्च २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा सुरू केली आणि पीटी-३ नावाचा अर्ज भरून देण्यासाठी पुणेकरांनी क्षेत्रीय कार्यालयांत रांगा लावल्या. पुण्याच्या घरपट्टीतला या काळातला सर्वांत मोठा चढउतार लेखापरीक्षकाच्या शेऱ्याने आणि मंत्रिमंडळाच्या बैठकीने झाला. दर ठरवणाऱ्या सभेत तो झालाच नाही.

मुंबईने २०१० पासून काल्पनिक भाडेकरूला निरोप दिला आणि भांडवली मूल्याची पद्धत आणली. भाड्याऐवजी घराची किंमतच धरायची. जुन्या-नव्यातली दरी बुजवायला ही पद्धत तत्त्वतः बरी, असे माझे मत आहे. पण किंमत येते कुठून? मुद्रांक शुल्कासाठी राज्य शासन जे बाजारमूल्याचे तक्ते काढते, ज्यांना आपण रेडी रेकनर म्हणतो, त्यांतून. म्हणजे पाया शासनाच्या नोंदणी खात्याने घालायचा, त्यावर बांधकामाचा प्रकार, वय आणि वापर यांचे गुणक लावायचे आणि वर सभागृहाने दराचा कळस ठेवायचा. मोकळ्या जमिनीवर उद्या किती बांधता येईल, हे धरूनही मूल्य काढणारे काही नियम पालिकेने केले होते. ते मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. जमीन आज आहे तशी मोजा, असा त्याचा मथितार्थ. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांच्या माफीचा खेळही आठवत असेल. २०१९ मध्ये माफी झाली ती फक्त सर्वसाधारण कराची, बाकीचे कर बिलात तसेच राहिले. संपूर्ण माफी आली जानेवारी २०२२ मध्ये, आणि तीही मंत्रिमंडळातूनच. त्याच वर्षी मुंबई-पुण्याच्या सभागृहांची मुदत संपली. निवडणुका लांबल्या आणि पुढची तीन अंदाजपत्रके प्रशासकांनीच मांडली, प्रशासकांनीच मंजूर केली.

इथे थोडे मागे जायला हवे. घरपट्टी हा शब्द पेशवाईच्या कागदांतही भेटतो, पण करदात्याने मत मागण्याची गोष्ट मुंबईत घडली. १८६५ नंतर आर्थर क्रॉफर्ड या म्युनिसिपल कमिशनरने शहराचा कायापालट आरंभला आणि खर्च हाताबाहेर गेला. कर भरणारे नागरिक १८७१ मध्ये उठले. पंचविशीतल्या फिरोजशहा मेहतांनी तेव्हा सांगितले, की दोष एका माणसात नाही, कारभाराच्या रचनेत आहे. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांचे कॉर्पोरेशन झाले आणि त्यांतले ३२ करदात्यांनी निवडून द्यायचे ठरले. मुंबईत निवडणूक आली ती घरपट्टीच्या भांडणातून.

आयुक्तांची बाजूही समजून घेतली पाहिजे. जकात गेली, एलबीटी आली आणि गेली, २०१७ मध्ये जीएसटी आला. महापालिकेच्या हातात स्वतःची म्हणावी अशी मोठी मिळकत आता घरपट्टी आणि बांधकाम परवानगीचे शुल्क एवढीच उरली. बाकी शासनाच्या भरपाईकडे डोळे. म्हणून जिथे वसुली सोपी, तिथे हात जातो. प्रामाणिक माणसाने उशीर केला तर महिन्याला दोन टक्के शास्ती, म्हणजे वर्षाचे चोवीस टक्के. एवढे व्याज मी गृहकर्जावर लावले असते तर शाखेच्या दारात पोलीस आणावे लागले असते. उलट वर्षानुवर्षे थकवणाऱ्यासाठी अधूनमधून अभय योजना येते आणि शास्तीचा मोठा भाग माफ होतो.

समाविष्ट गावांचा अनुभव तर ताजा आहे. ग्रामपंचायतीची पट्टी भरणारी गावे पालिकेत आली की कर टप्प्याटप्प्याने शहराच्या पातळीवर नेण्याची कायद्यात सोय आहे. पट्टीचे टप्पे वेळेवर येतात, नळाचे येत नाहीत. उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे २०१७ मध्ये पुणे महापालिकेत गेली. कराच्या बोजावरून तिथे असंतोष धुमसत राहिला आणि २०२४ मध्ये दोन्ही गावे बाहेर पडून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली.

सभागृहाकडे माझे मागणे लहानसे आहे. दर ठरवण्याच्या सभेच्या विषयपत्रिकेला भाडेमूल्याचा पेठवार, उपनगरवार तक्ता जोडावा : कुठल्या भागात, कुठल्या वर्षाच्या घराला चौरस फुटामागे किती रुपये धरले आहेत. कोणत्या सवलती चालू आहेत आणि त्या किती घरांना मिळतात, तेही त्याच पानावर छापावे. नगरसेवकांना हे रुचणार नाही. त्या तक्त्यावर बोलायचे म्हणजे वाड्यातल्या मतदाराला दोन रुपये जास्त आणि टँकरवाल्या सोसायटीला कमी, असे उभे राहून म्हणावे लागेल.

तोवर आपल्या हाती एवढे आहे. आकारणी पुस्तकातली स्वतःच्या घराची नोंद पाहण्याचा आणि उतरवून घेण्याचा हक्क मालकाला व भोगवटादाराला कायद्याने विनामूल्य दिला आहे. नव्या मूल्याविरुद्ध तक्रारीला जाहीर नोटिशीपासून निदान पंधरा दिवस मिळतात. तक्रारीवरचा निर्णय पटला नाही तर न्यायालयात अपील करता येते. मात्र तिथे वादातली रक्कम आधी भरावी लागते. ही नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टायपात, टेंडरांच्या जाहिरातींशेजारी येते.