लिंबावरची अळी

आमच्या नागपुराकडे पुष्कळ घरांच्या सांदवाडीत लिंबाचे झाड असते. काटोलकडे तर संत्र्याच्या बागाच बागा. पावसाळ्यात या झाडांची कोवळी पाने नीट पहा. एखाद्या पानावर पाखराची शीट पडलेली दिसेल. काळपट, मधे पांढरी. थोडे थांबा. ती हलते! अहो, ती शीट नव्हे, अळी आहे. पाखरे तिला घाण समजून सोडून देतात.

मोठी झाली की ती कात टाकून हिरवीगार होते. काडीने हळूच डिवचा. डोक्यामागून दोन तांबडी शिंगे बाहेर येतात, उग्र वास सुटतो. पहिल्यांदा पाहिले तेव्हा आम्ही दचकून मागेच सरलो.

पुढे ती रेशमी दोऱ्याने स्वतःला फांदीला बांधून घेते आणि कोश करते. त्यातून काळे-पिवळे फुलपाखरू निघते. महाराष्ट्राने 2015 साली एक निळे-काळे फुलपाखरू राज्याचे म्हणून ठरविले. त्याच्या अळ्याही लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढतात.

बागवाल्याला मात्र अळी परवडत नाही. लहान कलमाची पाने ती फस्त करते. तेथे हाताने वेचून काढावी. पण परसातल्या मोठ्या झाडाला चार अळ्यांनी काय होते?

मोबाईलने फोटो घ्यायचा तर सकाळी घ्या. तेव्हा फुलपाखरू पंख पसरून ऊन खात बसते. आपली सावली त्यावर पाडू नका. नुकतेच कोशातून निघालेले असेल तर फारच सोपे. पंख वाळेपर्यंत ते तिथेच लोंबत राहते.