चाळिशीचा चष्मा आणि थांबलेले हात

जवळचे दिसण्यासाठी लावायच्या चष्म्याला मराठीत ‘चाळिशी’ म्हणतात. चष्म्याला चक्क वयाचे नाव! चाळिशीच्या आसपास डोळ्यातील भिंग कडक होत जाते. जवळ पाहताना त्याला जो बाक घ्यावा लागतो तो घेता येईनासा होतो आणि हातातला कागद लांब लांब धरावा लागतो. हा आजार नव्हे. केस पिकण्यासारखीच ही वयाची गोष्ट आहे आणि गरीब-श्रीमंत कोणीच तिच्यातून सुटत नाही.

उपायही फार जुना आहे. बसऱ्यात जन्मलेले आणि कैरोत काम केलेले इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी ‘किताब अल-मनाझिर’ या ग्रंथात, वस्तूवरचा प्रकाश डोळ्यात येतो म्हणून आपल्याला दिसते, हे मांडले. पुढे तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत चष्मे तयार होऊ लागले. म्हणजे दोन फुगीर काचांची ही युक्ती सातशे वर्षांची आहे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात ८२ कोटींहून अधिक लोक केवळ हा साधा चष्मा नसल्यामुळे जवळचे नीट पाहू शकत नाहीत.

असे का व्हावे? एक कारण आपल्या घराघरांत ऐकू येते : “मला कुठे आता वाचायचंय?” चष्म्याचा संबंध आपण पुस्तकाशी जोडून ठेवला आहे. पण तांदळातला खडा, सुईचे नाक, माशाचा काटा, औषधाच्या पाकिटावरची तारीख, मोबाइलवरचा नंबर हे सगळे जवळच पाहावे लागते. ज्याला अक्षरओळख नाही त्याचे तर पोटच बहुधा हाताच्या कामावर चालते, आणि हाताचे काम डोळ्यांपासून हातभरच दूर असते.

ही गोष्ट बांगलादेशातील एका अभ्यासाने आकड्यांत दाखवून दिली. तेथील खेड्यांतील ३५ ते ६५ वयाचे ८२४ स्त्री-पुरुष त्यात होते. शिंपी, विणकर, हस्तकला करणारे, शेतीत राबणारे, अशी ही माणसे. लिहितावाचता येणारे त्यांत सुमारे एकतृतीयांशच. काहींना जवळचा चष्मा लगेच मोफत दिला, बाकीच्यांना आठ महिन्यांनंतर. आठ महिन्यांनी उत्पन्न विचारले तेव्हा चष्मा मिळालेल्यांची महिन्याची मधली कमाई ४७ डॉलरच्या आसपास होती आणि न मिळालेल्यांची ३५ डॉलरच्या आसपास. म्हणजे जवळजवळ एकतृतीयांशाचा फरक. नवे यंत्र नाही, कर्ज नाही, प्रशिक्षण नाही. हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी आपल्याच आसामातील चहाच्या मळ्यांवर असाच प्रयोग झाला होता, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांपैकी ज्यांना चष्मे मिळाले त्यांची पानतोडणी इतरांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली, आणि पन्नाशीपुढच्यांची तर ३० टक्क्यांहून अधिक. पाने खुडायला डोळे लागतात, हे मळ्यावरच्या बाईला सांगावे लागत नाही. पैसे देणाऱ्यांना मात्र आकडा लागतो.

आकड्यांपेक्षा मला बांगलादेशातली पद्धत जास्त महत्त्वाची वाटते. १९७२ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्रॅक’ या तेथील संस्थेने गावोगावच्या स्त्रियांना आरोग्याचे प्राथमिक शिक्षण देऊन ‘स्वास्थ्य सेविका’ म्हणून उभे केले. त्या घरोघर फिरतात, औषधपाण्याचे सांगतात, साध्या वस्तू विकतात आणि त्यातून चार पैसे मिळवतात. २००६ पासून ‘व्हिजनस्प्रिंग’ या संस्थेच्या साथीने त्यांच्या पिशवीत चष्मेही आले. सेविका अंगणात किंवा ओसरीवर बसते, डोळ्यांपासून हातभर अंतरावर एक तक्ता धरते, समोरच्या बाईला काय दिसते ते विचारते आणि एकेक नंबर लावून पाहते. वाचता न येणाऱ्यांसाठी तक्त्यावर अक्षरांऐवजी खुणा असतात. डोळ्यात दुसरे काही बिघडलेले दिसले, तर ती चष्मा देत नाही, दवाखान्यात पाठवते.

आता याच बाईने शहरात जायचे म्हटले असते तर? एक दिवसाची मजुरी बुडाली, गाडीभाडे गेले, सोबत कोणी हवे म्हणून दुसऱ्याचाही दिवस मोडला. दुकानात गेल्यावर चष्म्यापेक्षा फ्रेमचीच चर्चा जास्त. इतके सोसण्याऐवजी ती “आता वय झालं” म्हणून गप्प बसते. काचेच्या किमतीपेक्षा काचेपर्यंतचा रस्ता महाग पडतो. ओळखीची बाई दारात आली की हा रस्ता संपतो आणि परक्या पुरुषापुढे बसण्याचा संकोचही राहत नाही.

आपल्याकडचे चित्र फार वेगळे नाही. मालेगाव-भिवंडीत मागावर तुटलेला धागा सांधणारा पन्नाशीचा कारागीर घ्या, सोलापुरात सूप मांडीवर घेऊन बिडी वळणारी खाला घ्या, किंवा घरी बसून जरीकाम आणि पिको-फॉल करणारी फुफी घ्या. नजर मंदावली की हात मंदावतो, माल परत येतो, आणि हळूहळू कामच सुटते. घरचे म्हणतात, “अम्मी, आता आराम करा.” सुईत दोरा ओवून द्यायला नातवंडांना हाका मारणारी दादी आपण प्रेमाने पाहतो, तिला शे-दीडशे रुपयांचा चष्मा हवा आहे, हे कोणाच्या मनात येत नाही. तिलावतीचेही तसेच. आयुष्यभर फजरनंतर कुरआन उघडणारी बाई एक दिवस तो जुजदानात ठेवते आणि नुसती तस्बीह घेऊन बसते. जेर-जबर दिसत नाही, एखादी चूक होईल, ही धास्ती तिला असते, पण ती कोणाला सांगत नाही. पुरुष निदान चौकात जाऊन फुटपाथवरचा चष्मा नाकावर चढवून पाहतो. बाईला तर “चष्मा लागला” म्हणणेसुद्धा म्हातारपण कबूल केल्यासारखे वाटते. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हा समज तर सगळ्यांचाच. तो खोटा आहे. वयाबरोबर भिंग कडक होतच जाते, म्हणून नंबर साठीपर्यंत वाढतो. चष्मा लावा किंवा न लावा.

मोहल्ल्यात हे करायला मोठी संस्था लागत नाही. मदरशाचा किंवा जमातखान्याचा हॉल, चांगला उजेड, जवळच्या नजरेचा तक्ता, आणि +१ पासून +३ पर्यंतचे तयार चष्मे. स्त्रियांसाठी वेगळी वेळ आणि तपासायला शिकलेली एखादी मुलगी असली की निम्मे काम झाले. मात्र तिला आधी शिकवून घ्यावे लागेल. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी असतात, त्यांना शिबिराला बोलवावे. अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात वयस्कांना जवळचे चष्मे मोफत देण्याची तरतूदही आहे, ती जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागात आवर्जून विचारावी. नंबर ठरवताना माणसाला त्याचे स्वतःचे काम हातात द्यावे : शिंप्याला सुई, बिडीवालीला पान, दादीला तिचाच कुरआन. प्रत्येकाचे अंतर वेगळे असते आणि सर्वात मोठा नंबर सर्वात चांगला असे मुळीच नसते.

तयार चष्म्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्यात दोन्ही काचांचा नंबर सारखाच असतो. ज्यांच्या दोन डोळ्यांत फरक आहे, लांबचेही दिसत नाही किंवा चष्मा लावून डोके दुखते, त्यांनी नीट तपासणी करूनच चष्मा बनवून घ्यावा. लहान मुलांना हे चष्मे कधीही देऊ नयेत. साखरेचा आजार असलेल्यांनी चष्म्याने छान दिसू लागले तरी दरवर्षी डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. तिथला बिघाड सुरुवातीला कळत नाही.

आणखी एक गोष्ट अनेक घरांत घडते. साठी-सत्तरीच्या माणसाला अचानक बिनचष्म्याचे वाचता येऊ लागते आणि “दादांची नजर परत आली” म्हणून सगळे खूश होतात. बऱ्याचदा ती मोतीबिंदूची सुरुवात असते. भिंग दाट होऊ लागल्याने काही काळ जवळचे बरे दिसते, लांबचे मात्र धूसर होत जाते. अशा वेळी महिन्या-दोन महिन्यांत डॉक्टरांना दाखवावे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते, आणि जवळचा चष्मा बहुतेकांना त्यानंतरही लागतोच.