*चहाचा चोथा फेकू नका, पण तसाच झाडालाही घालू नका*



गेल्या काही दिवसांत बऱ्याच जणांनी एकच व्हिडिओ पाठवून विचारलं, कॉफीचा चोथा झाडाला घालायचा का? आधी एक सांगा, तुमच्या घरी कॉफीचा चोथा निघतो का? आपल्याकडे पाहुणा आला तर पुडीची कॉफी होते, ती दुधात पूर्ण विरघळते. गाळणीत काही उरत नाही. चोथा निघतो तो दळलेल्या बियांच्या फिल्टर कॉफीचा. आपल्या घरात रोज उरतो तो चहाचा, म्हणून आधी त्याचंच बोलू.

सहा-सात माणसांच्या घरात दोन वेळचा चहा धरला तर महिन्याला किलोभर पावडर लागते. उकळून, गाळून, वाळवून वर्षाला सात-आठ किलो कोरडा चोथा हाती येईल. त्यात नत्र साधारण तीन-चार टक्के. म्हणजे सगळा हिशोब अर्ध्या किलो युरियाएवढा! भाताच्या खाचराला याचा काही उपयोग नाही, कुणी सांगितलं तरी ऐकू नका. परसातल्या दहा-बारा मिरची-वांग्यांना, कढीपत्त्याला, कारल्याच्या वेलाला मात्र हे फुकटचं खत आहे, आणि ते हळूहळू लागू होतं.

आता चूक कुठे होते बघा. आपला चहा दूध-साखरेचा. तो चोथा तसाच बुडाशी टाकला की दुसऱ्या दिवशी मुंग्या, चार दिवसांनी पांढरी बुरशी आणि चिलटं. म्हणून आधी धुवायचा. उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी किती चालावं लागतं ते ठाऊक आहे, त्यामुळे धुण्यासाठी वेगळं पाणी काढू नका. तांदूळ धुतलेल्या पाण्यात दोनदा खळबळवा, पिळा, आणि ते पाणी आळवाला किंवा केळीला घाला. चोथा सुपात पातळ पसरून कडक वाळवा, मग डब्यात भरून ठेवला तरी टिकतो.

घालताना मोठ्या झाडाला महिन्यातून एकदा मूठभर, बुडापासून वीतभर लांब, मातीत कालवून. वर जाड थर दिला तर त्याची खपली धरते आणि पाणी खाली उतरत नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे शेणाच्या खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर कुजवणं. *बी टाकलेल्या वाफ्यात आणि कोवळ्या रोपांत अजिबात नको.* चहा-कॉफीत कॅफिन असतं, न कुजलेल्या चोथ्याने उगवण मार खाते.

कुणाचा मुलगा नाशिकला हॉटेलात कामाला असेल आणि गोणीभर कॉफीचा चोथा आणणार असेल, तर जरूर आणू द्या. पण खड्ड्यात पाच पाट्या माल असेल तर त्यात कॉफी एकच पाटी. कॉफीने माती आंबट होते असं व्हिडिओत सांगतात, ते काही खरं नाही. आम्ल बहुतेक पाण्यात उतरून गेलेलं असतं.

कोंबड्या, शेळ्या आणि कुत्रा यांच्यापासून चोथा लांब ठेवा. साखरेच्या वासाने तोंड घालतात, आणि कॅफिन कुत्र्याला तर विषारीच.

पावडर सुटी घेत असाल तर एक तपासणी घरी करा. पांढऱ्या टिपकागदावर कोरडी पावडर पसरा, थोडं थंड पाणी शिंपडा, मग नळाखाली कागद धुवा. कागदावर रंगाचे डाग राहिले तर त्यात रंग मिसळलेला आहे. ती पावडर प्यायलाही नको, चोथा झाडालाही नको.

जाता जाता. ओला चोथा लोखंडी तव्यावर रात्रभर ठेवून बघा, सकाळी काळं पाणी सुटलेलं दिसेल. चहातलं टॅनिन लोहाला असं धरतं. पोटातही तेच होतं. नागलीच्या भाकरीबरोबर किंवा लगेच वर चहा घेतला तर भाकरी-भाजीतलं लोह अंगाला कमी लागतं. घरातल्या गरोदर बाईला आणि वयात आलेल्या मुलींना जेवणानंतर तासभर तरी चहा देऊ नका. खरं तर हे चोथ्याच्याही आधी सांगायला हवं होतं.

कुणी वापरून बघितलंत तर झाडाचा फोटो याच नंबरवर पाठवा. रोप पिवळं पडलं तरी पाठवा, लपवू नका.