उडती वेधशाळा : 'सोफिया'

पुष्कळसे अवरक्त किरण वातावरणातील बाष्पात शोषले जातात. म्हणून भूपृष्ठावरील दुर्बिणींस ते दुर्लभ होत. यावर उपाय म्हणून अमेरिका व जर्मनी यांनी एका जुन्या बोइंग ७४७ एसपी प्रवासी विमानाच्या मागील भागात उघडझाप करणारे दार ठेवून २.५ मीटर व्यासाची दुर्बीण बसविली. १२ ते १४ किलोमीटर उंचीवर ९९ टक्के बाष्प खालीच राही. विश्वातील आद्य रेणू मानला जाणारा हेलियम हायड्राइड आयन अवकाशात प्रथम आढळला, तो याच वेधशाळेच्या वेधांतून. हा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला. उपग्रहावरील दुर्बीण सहसा पुन्हा हाती येत नाही. येथे मात्र दोन उड्डाणांच्या दरम्यान उपकरण बदलता वा दुरुस्त करता येई. तथापि खर्चाच्या मानाने फलनिष्पत्ती अपुरी ठरवून २०२२ मध्ये हा उपक्रम थांबविण्यात आला. अशा सोयीचे मोल केवळ निबंधांच्या संख्येने मोजावे काय, हा विचारणीय प्रश्न होय.